बेशिस्त हे लक्षण, कारण वेगळेच : जंगलपट्ट्यातल्या शाळा आणि समुपदेशनाचा इतिहास



“डॉक्टर साहेब, पोट्टा काहीच आयकत नाही. शाळेतून रोज तक्रार. एखादं टॉनिक द्या ना.” चंद्रपूर-गडचिरोलीकडे दवाखाना चालवणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला ही मागणी नवी नाही. शिस्तीचे टॉनिक कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही, हे पालकांनाही ठाऊक असते. तरी ते डॉक्टरकडे येतात, आणि माझ्या मते योग्य ठिकाणीच येतात.

आपल्या भागात कुणाला थंडी वाजून ताप आला की आपण तापाची गोळी देऊन गप्प बसत नाही. बोटाला टोचून रक्ताचा नमुना घेतो, कारण ताप हे लक्षण असते आणि त्यामागे मलेरिया असू शकतो. वर्गातला गोंधळ, उलट उत्तर, गैरहजेरी, शाळेतून पळून जाणे हीसुद्धा लक्षणेच आहेत. शिक्षा म्हणजे कारण न शोधता दिलेली तापाची गोळी. कारण शोधण्याच्या कामाला शाळेच्या भाषेत ‘मार्गदर्शन व समुपदेशन’ म्हणतात. हे कालपरवा शहरातून आलेले खूळ नाही. त्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्यातली काही पाने आपल्याच जंगलपट्ट्यातली आहेत. आज तो इतिहास पाहू, आणि शेवटी पालकांनी काय करायचे तेही सांगतो.

छडी आणि न कळणारी भाषा

जुन्या पंतोजींच्या शाळेत अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे, छड्या मारणे हे शिकवण्याइतकेच नेहमीचे होते. पाठांतर म्हणजे विद्या, त्यामुळे चुकले की मार, असा सरळ हिशेब होता. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, चांदा हा त्यातला एक जिल्हा झाला आणि हळूहळू सरकारी शाळा आल्या. वह्या-पुस्तके बदलली, तपासनीस येऊ लागले; छडी मात्र तीच राहिली.

मराठी बोलणाऱ्या गावातल्या मुलाला निदान मार कशासाठी बसतो ते कळत असे. दक्षिणेकडच्या जंगलातल्या मुलाला तेही कळत नव्हते. भामरागड, एटापल्ली भागातले माडिया मूल घरी माडिया बोलते. ही द्रविड कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. असे मूल सहा वर्षांचे होऊन शाळेत येते. गुरुजी मराठीत विचारतात, मूल मान खाली घालून गप्प राहते. हट्टी आहे असे समजून गुरुजी आवाज चढवतात. मूल घाबरते, दोन दिवसांनी यायचेच बंद होते आणि हजेरीपटावर ‘अनियमित’ असा शेरा पडतो. यात मुलाची चूक शोधून सापडणार नाही.

गोटुलमध्ये शिस्त होती

या मुलांना शिस्त माहीतच नव्हती, असा समज तेव्हा होता आणि आजही ऐकू येतो. इतिहास वेगळे सांगतो. विल्फ्रिड ग्रिगसन यांनी १९३८ मध्ये बस्तरच्या माडिया गोंडांवर आणि व्हेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये मुरियांच्या गोटुलवर पुस्तक लिहिले. बस्तर म्हणजे आपल्या गडचिरोलीचा शेजार, इंद्रावतीपलीकडचा. गोटुल हे तरुण मुलांचे घर. मुरियांमध्ये तिथे मुले-मुली दोघेही जात. माडियांकडे रात्री निजायला मुख्यतः अविवाहित मुलगे असत.

एल्विन यांच्या वर्णनातला गोटुल पाहिला तर तो नियमांनी भरलेला आहे. लाकडे कुणी आणायची, अंगण कुणी झाडायचे हे ठरलेले. मुलांचा म्होरक्या ‘सिरदार’, मुलींची ‘बेलोसा’. कामात कुचराई केली तर दंड होता, शिक्षाही होत्या. तिथे सगळे गोडीगुलाबीने चाले असे म्हणता येणार नाही. पण नियम आपल्या भाषेतले होते, सर्वांना आधी माहीत होते, थोडी मोठी मुलेच धाकट्यांना ते शिकवत आणि दंड भरला की मूल पुन्हा मंडळीत बसे. चुकलेल्याला परत येण्याची वाट होती. शाळेने नेमकी ही वाट ठेवली नाही. आजही बेशिस्तीचा शेवट ‘दाखला हातात देणे’ असाच होतो.

समुपदेशनाचा जन्म

शाळेतले मार्गदर्शन अमेरिकेत सुरू झाले आणि त्याची सुरुवातच वर्तनाच्या प्रश्नातून झाली. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावी जेसी डेव्हिस नावाचे मुख्याध्यापक होते. १९०७ मध्ये त्यांनी इंग्रजी निबंधाच्या तासाला आठवड्यातून एकदा मुलांना स्वतःबद्दल, स्वभावाबद्दल, पुढे काय व्हायचे याबद्दल लिहायला-बोलायला लावले. मुलाला आपली दिशा दिसली की वागणूक सुधारते, असा त्यांचा अनुभव होता. पुढल्याच वर्षी बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले. १९०९ मध्ये शिकागोत डॉ. विल्यम हीली बालगुन्हेगारांना तपासू लागले. एकेका मुलाची तब्येत, घर, शाळा, मन असा सगळा अभ्यास करून त्यांनी दाखवले की वाईट वागण्याचे एकच एक कारण नसते. प्रत्येक मुलाचे कारण वेगळे शोधावे लागते. हीली डॉक्टर होते हे मला महत्त्वाचे वाटते. रोग्याची ‘हिस्टरी’ घेण्याची सवय त्यांनी शाळेच्या प्रश्नाला लावली.

आपल्याकडे १९३७ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था, हिने देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि त्यातून नई तालीम पुढे आली. एकीकडे डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ता मिळून एका मुलाचा विचार करत होते. दुसरीकडे टकळी, शेती, हस्तकला यांतून शिकवायचा विचार चालला होता. हाताला अर्थपूर्ण काम मिळाले की मूल आपोआप रमते, ही नई तालीमची धारणा. वाटा वेगळ्या होत्या, पण मुलाला आधी समजून घ्यायचे यावर दोघांचे एकमत होते.

मार्लवाईचा प्रयोग

भाषेच्या प्रश्नाला पहिले नेमके उत्तर आपल्या सीमेवरच मिळाले. १९४३ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाई गावी, मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारे केंद्र सुरू केले. मुलांसाठी गोंडीत वाचनपुस्तके केली. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका त्या काळी आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मराठी मुलखात आला आणि नंतर चांदा जिल्ह्याला जोडला गेला.

शिक्षक आपल्याच भाषेतला आणि आपल्याच जातभाईंतला असला की मूल प्रश्न विचारते, उत्तर देते. गप्प बसणारे, ‘हट्टी’ ठरणारे मूल तिथे बोलू लागते. पुढे राज्ये बदलली, शाळांची भाषा बदलली आणि ती गोंडी पुस्तके मागे पडली. पण गरज संपली नाही. २०१९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मोहगाव येथे ग्रामसभांनी स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली ती याच गरजेतून.

आयोगांनी सांगितले, पुढे काय?

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांत मार्गदर्शन हवे असे सांगितले. कोठारी आयोग (१९६४-६६) आणखी पुढे गेला. मार्गदर्शन प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गापासून हवे आणि निदान दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, अशी त्याची शिफारस होती. दहा शाळांमागे एक ही मागणी काही मोठी नव्हे. मुंबईत सरकारी व्यवसाय मार्गदर्शन संस्था १९५० पासून काम करत होतीच. शहरांतल्या शाळांत पुढे समुपदेशक दिसू लागले. जंगलातल्या शाळेपर्यंत मात्र ती शिफारस पोचायला अजून बरेच अंतर आहे. आपल्याकडे मार्गदर्शन म्हटले की दहावीनंतर काय, एवढाच अर्थ राहिला. मुलाच्या वागण्याचा विषय शिक्षकाच्या छडीकडेच राहिला.

आश्रमशाळा आणि पळून जाणारी मुले

१९७२-७३ पासून राज्यात शासकीय आश्रमशाळा उभ्या राहू लागल्या. दूरच्या पाड्यावरच्या मुलाला शाळा मिळावी, जेवण मिळावे, हा हेतू चांगलाच होता. पण सहा वर्षांचे मूल आईपासून दूर, अनोळखी भाषेत, वसतिगृहात राहू लागले.

१९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टर जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. आईपासून लहानपणीच तुटलेल्या मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. असे मूल सुरुवातीला रडते, मग चिडते, मग गप्प होते. कोणी जेवत नाही, कोणाला रोज सकाळी पोटदुखी होते, कोणी अंथरूण ओले करते. जे धीट असते ते पळून घरी जाते. डॉक्टरच्या नजरेने ही घरची ओढ आहे. वसतिगृहाच्या वहीत ती ‘न सांगता निघून गेला’ अशी लिहिली जाते.

हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने याला कसे तोंड दिले ते पाहण्यासारखे आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ ला प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना चालवला आणि १९७६ मध्ये निवासी शाळा सुरू झाली. सुरुवातीला मुले जंगलातून वाट काढत आपल्या गावी पळून जात. कार्यकर्त्यांनी माडिया भाषा शिकून घेतली. आईबापांशी ओळख आधी दवाखान्यातून झाली होती, त्यामुळे शाळेवरचा विश्वासही वाढत गेला. याच शाळेतून शिकलेली माडिया मुले पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. तेव्हा तिथे ‘समुपदेशक’ असे पद नव्हते. पण मूल का पळते हे समजून घेणे, त्याच्या भाषेत बोलणे, घरच्यांना सोबत घेणे हे समुपदेशनच होते.

बेशिस्तीमागचे आजार

आता माझ्या विषयाकडे येतो. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या लोकांमधल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. आज पूर्व विदर्भात हा आजार घरोघर माहीत आहे. वर्गात तो कसा दिसतो हे मात्र फारसे माहीत नाही.

सिकलसेलच्या रुग्णाचे मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही. त्यामुळे लघवी जास्त होते, तहान जास्त लागते. असे मूल तासाला सारखी बाहेर जायची परवानगी मागते आणि टिंगलटवाळीचा धनी होते. रात्री अंथरूण ओले होते, म्हणून वसतिगृहात शिक्षा होते. रक्त कमी असल्याने ते पीटीच्या तासाला मागे राहते आणि ‘आळशी’ ठरते. अशा मुलाला उन्हात उभे करणे किंवा मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणे धोक्याचे आहे. अंगातले पाणी कमी झाले की हाडे-सांध्यांत असह्य दुखणारा झटका येऊ शकतो. बेशिस्तीची शिक्षा इथे सरळ दवाखान्यात नेते.

इतर कारणेही पाहा.

कान फुटलेल्या मुलाला मागच्या बाकावरून ऐकू येत नाही. ते ‘लक्ष देत नाही’.

दूरचे न दिसणाऱ्या मुलाला फळा दिसत नाही. ते शेजाऱ्याशी बोलत बसते.

फिटचा एक प्रकार असा असतो की मूल पडत नाही, फक्त काही सेकंद टक लावून बघत राहते. दिवसातून कितीतरी वेळा असे होते आणि ते ‘तंद्रीत असते’ म्हणून मार खाते.

खरूज झालेले मूल रात्रभर खाजवते आणि दिवसा पेंगते.

मेंदूच्या मलेरियातून वाचलेल्या काही मुलांचे लक्ष पुढे लवकर विचलित होते.

मुलांतले नैराश्य मोठ्यांसारखे उदास दिसत नाही. बरेचदा ते चिडचिडीच्या रूपात येते.

गडचिरोलीने गेली चार दशके हिंसेची भीतीही पाहिली आहे. मोठा आवाज झाला की दचकणारे, कुणावरच विश्वास न ठेवणारे मूल उद्धट असतेच असे नाही.

खर्ऱ्याचा प्रश्न

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत खर्रा माहीत नसलेले मूल सापडणे कठीण. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला हा खर्रा दप्तरात सहज लपतो. तंबाखूतल्या निकोटिनची सवय लागली की काही तासांनी मेंदू पुन्हा मागतो. तो मिळाला नाही तर बेचैनी, चिडचिड, लक्ष न लागणे सुरू होते. दुपारच्या तासांना कुरापती काढणारा मुलगा कदाचित या ओढीने कासावीस असतो. पुढे तोंड कमी उघडू लागते, तिखट सोसत नाही, आणि कर्करोगाचा धोका असतोच.

गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. २०१६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था आणि शासन यांच्या पुढाकाराने ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी काम सुरू आहे. डॉ. राणी बंग यांचे ‘तारुण्यभान’ शिबिर त्याच्याही आधीपासून किशोरवयीनांशी शरीर, मन, लैंगिकता यांवर मोकळेपणाने बोलते आहे. दोन्हींतून एकच शिकायचे: खर्रा सापडला म्हणून मुलाला मारल्याने खर्रा सुटत नाही, तो अधिक चांगला लपवला जातो.

मार का लागू पडत नाही?

छडीने वर्ग लगेच शांत होतो, म्हणून ती गुणकारी वाटते. भीती वाटली की शरीर धावण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागते. हृदय जोरात धडधडते, मेंदूचा विचार करणारा भाग मागे पडतो. त्या अवस्थेत मूल गप्प बसते, पण शिकत नाही. किशोरवयात स्वतःवर ताबा ठेवणारा मेंदूचा पुढचा भाग अजून तयार होत असतो; हे काम विशीच्या मध्यापर्यंत चालते. वाढत्या भागाला सराव लागतो, आणि मार खाऊन सराव होत नाही.

कायद्यालाही हे कळायला वेळ लागला. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा बालशोषणावरचा अहवाल आला. शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी मार खाल्ल्याचे त्यात सांगितले होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. जंगलातल्या गावात दाखला हातात पडला की दुसरी शाळा जवळ नसते. मुलगा कामाला लागतो, मुलीचे लग्न ठरते. म्हणून हे कलम आपल्यासाठी फार मोलाचे आहे. पण छडी काढून घेतली आणि तिच्या जागी शिक्षकाच्या हाती काही दिले नाही, तर तो तरी काय करणार? समुपदेशन हवे ते इथे.

समुपदेशक नेमके काय करतो?

तो मुलाला एकट्याला, न रागावता, त्याला कळेल त्या भाषेत ऐकून घेतो. ऐकलेले चारचौघांत सांगत नाही. मात्र जीवाला धोका असेल तर ते संबंधितांना सांगावेच लागते, आणि लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते कळवणे बंधनकारक आहे, हे तो मुलाला समजावतो. मग तो नोंद ठेवतो: त्रास केव्हा होतो, त्याआधी काय घडले, नंतर काय झाले. आठवडाभराच्या नोंदीतून बहुतेक वेळा उलगडा होतो. गणिताच्याच तासाला गोंधळ, जेवणानंतरच चिडचिड, सुट्टीहून परतल्यावरच पोटदुखी. त्यानुसार शिक्षकाशी, घरी, गरज पडली तर डॉक्टरशी बोलणे होते. मुलाशी एकच छोटा करार ठरतो आणि दर आठवड्याला त्याची विचारपूस होते.

“मग काय मुलांना मोकळंच सोडायचं?” असे विचारणारे असतात. अजिबात नाही. नियम राहतात, जबाबदारीही राहते. काच फोडली तर ती बसवायला मदत करायची. कुणाला मारले तर त्याची माफी मागून त्याचे काम करून द्यायचे. चूक भरून काढली की विषय संपला. गोटुलमधला दंड आठवा.

पालकांनी आणि शिक्षकांनी काय करावे?

• तक्रार आली की मुलाला शाळेसमोर किंवा पाहुण्यांसमोर रागावू नका. घरी शांतपणे विचारा आणि उत्तराची वाट पाहा.

• हिमोग्लोबिन, सिकलसेल, डोळे, कान आणि झोप एकदा तपासून घ्या. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला तक्रार मोकळेपणाने सांगा. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

• सिकलसेल असेल तर शाळेला लेखी कळवा: पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मुभा, उन्हात उभे करायचे नाही.

• आश्रमशाळेत मूल असेल तर अधीक्षकांशी ओळख ठेवा. भेटीचा दिवस ठरवा आणि पाळा. ‘येतो’ म्हणून न जाणे मुलाला फार लागते.

• ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असते. तिथे समुपदेशन मोफत मिळते.

• मूल मरणाच्या गोष्टी बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन्ही क्रमांक चोवीस तास चालतात. दोन्हींना पैसे लागत नाहीत.

समुपदेशकाची नेमणूक होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक शाळेत एक असा शिक्षक किंवा शिक्षिका असू शकते, जिच्याकडे मूल न घाबरता जाऊ शकेल. आश्रमशाळेत तो माडिया किंवा गोंडी बोलणारा असेल तर फारच चांगले. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी एवढी एक मागणी जरूर मांडावी. त्यासाठी शासनाच्या आदेशाची गरज नाही.